फाळका काढा, पण परत बसवायच्या बोलीवर



धान निसवला. दाणा दुधात आला की रानडुकरांना ते पंचांगाआधी कळते. एक कळप एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून जातो, आणि सकाळी पंचनाम्यासाठी अर्ज लिहीत बसण्यापेक्षा रात्र जागून काढलेली बरी, असं आपल्या बापजाद्यांचं गणित आहे. म्हणून दरवर्षी या दिवसांत आमच्या भागातली अर्धी पुरुष मंडळी जागलीला वावरात जातात.

या दोन-तीन वर्षांत त्यात एक नवी गोष्ट दिसून राहिली आहे. मचाणाऐवजी धुऱ्याजवळ पिकअप उभी करायची, तिच्या हौद्यात जाळीची केबिन बसवायची आणि रात्र त्यात काढायची. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात मी स्वतः अशा बऱ्याच गाड्या पाहिल्या. माझीही एक आहे. ती पाहून लोक सगळ्यात जास्त विचारतात ते एकच: मागचा फाळका कसा काढला, आणि परत बसतो का? आमच्याकडं कोणी त्याला मागचा डाला म्हणतं, कोणी नुसतं झाकण. मी फाळकाच म्हणतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. केबिन बसवा, चांगली गोष्ट आहे. त्यासाठी फाळका काढावा लागतो, तोही काढा. पण गॅस कटर लावून काढू नका, केबिन हौद्याला वेल्ड करू नका, आणि केबिन उतरवली त्याच दिवशी फाळका जागेवर बसला पाहिजे. यातली तिसरी गोष्ट लोक करत नाहीत, आणि माणसं तिथंच मरतात.

आधी गाडीतली जागल कशाला, ते सांगतो, कारण शहरातले वाचक याला हौस समजतात. आमच्या दोन जिल्ह्यांत वाघ ही रोजची गोष्ट आहे. वडसा वनक्षेत्रात १३ ऑक्टोबर २०२२ ला सीटी-१ नावाचा वाघ बेशुद्ध करून पकडला, तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून १३ माणसांचे मृत्यू त्याच्या नावावर होते. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. अशा मुलखात चार बल्ल्या आणि पऱ्हाटीच्या काड्या टाकून केलेल्या मचाणावर माणूस झोपतो, कारण पीक सोडता येत नाही. वाघाचं सोडा, बिबट तर झाडावर चढणारं जनावर आहे. त्याला आठ फुटांचं मचाण म्हणजे पायरी. शिवाय मचाणावरून लघवीला उतरणं, पहाटे उतरून घरी येणं, हीच खरी धोक्याची वेळ. गाडी असली तर जाळीच्या आतून उजेड टाकून आधी चारही बाजू बघता येतात, आणि सकाळी बसल्या जागेवरून दार उघडून दोन पावलांत पुढच्या केबिनमध्ये जाता येते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. हत्तीपुढं याचा काही उपयोग नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि तेव्हापासून कुरखेडा, आरमोरी, वडसा भागात धान तुडवत फिरतो. हत्ती घराची भिंत पाडतो, तिथं आपला पातळ पाइपाचा सांगाडा काय करणार? हत्ती जवळ असल्याचा निरोप आला की गाडी घेऊन गावात यायचं. धान गेला तर गेला.

आता केबिनकडं येतो. माझ्या गाडीचा हौदा आतून साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. केबिन मी साडेआठ फूट लांब, पाच फूट दोन इंच रुंद आणि साडेचार फूट उंच केली. उभं राहता येत नाही, आणि राहायची गरजही नाही. बसायचं आणि आडवं व्हायचं. उंच केली की वाऱ्यात आणि उताराच्या पांदणीत गाडी डोलते.

वजन हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि फॅब्रिकेशनवाले नेमकं तेच बघत नाहीत. त्यांच्याकडं गेलात की ते सरळ ४० बाय ४० चा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल काढतात. त्याचं वजन मीटरला ३ किलो. खालची चौकट, वरची चौकट, आठ उभे खांब, पाच आडव्या पट्ट्या धरल्या तर एकूण ३६ मीटर माल लागतो. म्हणजे नुसता सांगाडा १०८ किलो. त्याच मापाचा सांगाडा २५ बाय २५ च्या, २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपात केला तर मीटरला दीड किलोच्याही आत, एकूण ५२ किलोच्या आसपास. वर दोन इंची वेल्ड मेशची जाळी २५ किलो, पत्र्याचं छत १६-१७ किलो, खाली १२ मिलिमीटरचा प्लाय ३०-३५ किलो. सगळं मिळून १२५-१३० किलोत काम होते. एवढी केबिन सहा जण आरामात उचलतात. अँगलची केबिन उचलायला क्रेन नाही तर अर्धं गाव लागते, आणि मग काय होते? ती एकदा चढली की उतरतच नाही. फाळका वर्षभर गोठ्यात पडून राहतो आणि गाडी वर्षभर मागून उघडी फिरते. म्हणून फाळका परत बसवायची सोय ही केबिनच्या वजनापासून सुरू होते.

फाळका काढायचाच कशाला, असं काही जण विचारतात. बंद ठेवला तर केबिनचं मागचं दार उघडत नाही. नुसता खाली सोडला तर साध्या पिकअपमध्ये तो पूर्ण खाली लोंबतो आणि मागचे लाइट, नंबर प्लेट, सगळं झाकतो. ज्या गाड्यांत तो तारेवर आडवा राहतो, तिथं अंधारात त्या दोन फुटांच्या फळीवरून रांगत उतरावं लागते. जनावर समोर असताना तेवढा वेळ नसतो. म्हणून काढायचा.

साध्या पिकअपचा फाळका काढणं सोपं आहे. खाली कब्जे असतात, कब्ज्यात पिन, पिनेच्या टोकाला फाटा पिन. वर दोन्ही बाजूंना खटके. काही गाड्यांत साखळी. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. आदल्या दिवशीच कब्ज्यांवर गंज सुटायचं तेल मारून ठेवा. खरं सांगतो, अर्धं काम ते तेलच करते. धानाच्या कोंड्याचा आणि चिखलाचा जो थर कब्ज्यात बसतो, तो तारेच्या ब्रशनं आधी काढा. मग दोन माणसांनी दोन टोकांना फाळका धरायचा, तिसऱ्यानं पिना काढायच्या. पिन अडकली तर तिच्यावर सरळ हातोडा मारू नका. तिचं तोंड पसरते, मग ती ना बाहेर येते ना परत बसते. मधे जुन्या बोल्टचा तुकडा धरून हलके ठोके द्या. फाटा पिना काढल्या की फेकून द्या. वाकवलेली फाटा पिन सरळ करून परत वापरणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. पाच-दहा रुपयांच्या वस्तूवर वीस-पंचवीस किलोचं लोखंड टांगून हायवेला जायचं, हा कसला हिशेब?

नवीन पद्धतीच्या पिकअप, म्हणजे इसुझू डी-मॅक्स, हायलक्स अशा गाड्या, आता आपल्या जिल्ह्यातही दिसतात. ठेकेदारांकडं जास्त, शेतकऱ्यांकडं थोड्या. त्यांचं प्रकरण वेगळं आहे. फाळका दोन्ही बाजूंना जाड तारेवर किंवा पट्टीवर तोललेला असतो. त्यात कुलूप असते, आणि वरच्या मॉडेलला मागचा कॅमेरा असतो. कॅमेरा असेल तर आधी चावी बंद करा, मग हौद्याच्या खालून किंवा फाळक्याच्या आतल्या झाकणातून कॅमेऱ्याच्या वायरीचा कपलर शोधा. कपलरला खटका असतो, तो दाबूनच ओढायचा. वायर धरून ओढली की आतल्या पिना निघतात आणि मग इलेक्ट्रिशियनचा एक दिवस जातो. सोडलेल्या दोन्ही तोंडांना प्लास्टिक गुंडाळून टेप मारा. आपल्याकडचं दव आणि चिखलाचं पाणी आठ दिवसांत तांबं हिरवं करते.

कपलर सुटल्यावर तारा. फाळका पूर्ण उघडा टाकलेला असताना तारेवर ताण असतो, तेव्हा ती निघत नाही. एकानं फाळका थोडा वर उचलून धरायचा, तार सैल पडली की तिच्या डोळ्याजवळची स्प्रिंगची पट्टी दाबून ती बोल्टच्या डोक्यावरून सरकवायची. दोन्ही तारा निघाल्या की फाळका अर्धा वर उचलायचा. अनेक गाड्यांत साधारण ४५ अंशाच्या आसपास एका बाजूचा कब्जा खाचेतून वर निघतो, मग दुसरी बाजू आडवी सरकवून बाहेर येते. काही गाड्यांत कब्जे बोल्टनं आवळलेले असतात, तिथं बोल्ट खोलण्याआधी कब्ज्याभोवती खडूनं किंवा मार्करनं रेघ मारून ठेवा. परत बसवताना तीच रेघ कामी येते. कोणत्या गाडीत कोणती पद्धत, ते गाडीसोबत आलेल्या पुस्तकात असते. ते पुस्तक आपण डॅशबोर्डमध्ये प्लास्टिकसकट तसंच ठेवतो, तेवढं एकदा उघडा.

दोन्ही प्रकारात एक गोष्ट सारखी. काढण्याआधी मागून मोबाइलवर चार फोटो काढा. आणि फाळक्यावर काय काय लागलेलं आहे ते बघा. काही गाड्यांची नंबर प्लेट फाळक्यावरच बसवलेली असते. एचएसआरपीचं कुलूप एकदाच बसते, ते तोडून दुसरीकडं घरच्या घरी प्लेट लावता येत नाही. अशी गाडी असेल तर प्लेटचं रीतसर काय करायचं ते विचारून मगच पुढं जा. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टीही बहुतेक फाळक्यावर असते. मालवाहू गाडीला मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी पट्टी नियमानंच लागते, आणि नियम नसता तरी मूल-सावली रस्त्यावर रात्री धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी त्या पट्टीनंच दिसते. म्हणून केबिनच्या मागच्या चौकटीला नवी लाल पट्टी चिकटवा. पट्टी न लावलेली केबिन रस्त्यावर आणू नका.

फाळका निघाला की केबिन मागून आत सरकवायची, पुढच्या फळीला टेकवायची. आता मागं अडवायला काही नाही. धुऱ्यावर गाडी चढताना केबिन मागं सरकणारच. यावर मी केलेला उपाय साधा आहे. फाळक्याचे जे कब्जे गाडीवर शिल्लक राहतात, त्याच भोकांत त्याच मापाच्या पिना घालून एक आडवा पाइप बसवला. केबिनची खालची चौकट त्याला टेकते. शिवाय चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे, हौद्याच्या कड्यांना बांधून. कुठंही वेल्डिंग नाही, नवं भोक नाही. सुंभाचा किंवा नायलॉनचा दोर वापरू नका. तो दवानं आणि उन्हानं ढिला पडतो आणि ढिला पडल्याचं आपल्याला खड्ड्यात कळते.

वेल्डिंगला एवढा विरोध का, तर दोन कारणं. पहिलं लोखंडाचं. हौद्याचा पत्रा पातळ असतो, वेल्ड केला की त्या शिवणीजवळ रंग जळतो आणि पुढच्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. दुसरं कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं, कंपनीनं जशी गाडी दिली आणि आरसीवर जशी नोंद आहे, तिच्यापेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता पट्ट्यानं बांधलेली आणि तासाभरात उतरणारी केबिन हा माल झाला की बदल झाला? माझ्या मते तो माल आहे, जसा आपण कपाट नेतो तसा. पण वेल्ड केली की ती गाडीचाच भाग झाली, मग वाद घालायला जागा उरत नाही. आणि माल असला तरी तो हौद्याबाहेर मागं किंवा बाजूला निघता कामा नये. त्यासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे, वरून माल उतरवायचा खर्च. म्हणूनच माझी केबिन हौद्यापेक्षा अर्धा फूट आखूड आहे. फिटनेसलाही गाडी न्यावी लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. तिथं फाळका जागेवर लागतो. कब्जे कापून बसलेला माणूस त्या दिवशी गावभर जुना फाळका शोधत फिरतो, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्याच तालुक्यातल्या एका वर्कशॉपची गोष्ट. नाव घेत नाही. तिथं एका भावाच्या गाडीचे कब्जे पिन निघेना म्हणून गॅसनं कापले. पिनेला तेल मारून एक रात्र थांबायला कोणी तयार नव्हतं. सीझन संपल्यावर फाळका परत लावायला कब्जेच नाहीत. मग तो दोन दोरांनी बांधला. माघ महिन्यात त्याच गाडीत धानाची पोती राइस मिलला निघाली, चढावर दोर तुटला, फाळका आणि वरची तीन पोती रस्त्यावर. मागून मोटरसायकलवर नवरा-बायको होते. ते वाचले, कारण ते गाडीच्या अगदी मागं नव्हते, थोडे दूर होते. पोत्यांचे पैसे गेले त्याचं कोणाला काही वाटलं नाही, एवढं सगळे हादरले होते. वर्कशॉपवाल्याचं म्हणणं, आम्हाला कापायला सांगितलं, आम्ही कापलं.

परत बसवणं हे काढण्यापेक्षा नाजूक काम आहे. आठ-दहा आठवडे बाहेर ठेवलेला फाळका उभा भिंतीला टेकवून, खाली लाकडाचे दोन ठोकळे ठेवून ठेवा. आडवा टाकला की त्यावर खताच्या थैल्या येतात आणि तो मधे वाकतो. वाकलेला फाळका खटक्यात बसत नाही, आणि मग माणूस खटकाच वाकवतो. पिना, वॉशर, बोल्ट एका डब्यात घालून तो डबा फाळक्यालाच तारेनं बांधून ठेवा. घरात ठेवला की पोरं त्याची गोटी-लिंगोरचा करतात.

बसवताना कब्जे आणि पिना रॉकेलनं धुऊन, पुसून, ग्रीस लावा. पिना घातल्या की लगेच सगळं आवळायचं नाही. आधी फाळका बंद करून बघा. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला बोट जाते आणि दुसऱ्या बाजूला घासते असं असेल तर बोल्ट थोडे ढिले करून सरकवा. मघाची खडूची रेघ इथं बघायची. फट जमली की आवळा, नवीन फाटा पिना घाला, टोकं दोन्हीकडं वाकवा. मग खटके. खटका बसल्याचा आवाज आला म्हणजे बसला असं नाही. फाळका दोन्ही हातांनी स्वतःकडं जोरात ओढून बघा. कॅमेऱ्याचा कपलर लावून गाडी सुरू करा, रिव्हर्स टाका, चित्र दिसते का, मागचे सगळे लाइट लागतात का ते दुसऱ्या माणसाला मागं उभं करून बघा. तारेच्या गाडीत दोन्ही तारा बोल्टच्या मानेत पूर्ण बसल्या का ते बोटानं चाचपा. आणि पहिल्या दिवशी त्या फाळक्यावर कोणालाही बसू देऊ नका. दहा-पंधरा किलोमीटर रिकामी गाडी चालवा, परत आल्यावर एकदा पाना लावा.

फाळक्याचं काम फक्त माल अडवणं नाही, हेही ध्यानात घ्या. हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पुढं फळीला जोडलेल्या असतात, मागं त्यांना धरून ठेवतो तो बंद फाळका. तो नसताना पोत्यांची थप्पी लावली की मागची टोकं बाहेर पडतात. एकदा भिंत बाहेर पडली की पुढं फाळका कधीच नीट बसत नाही. म्हणून केबिन काढल्यावर ‘आता दोनच खेपा आहेत, उद्या बसवू’ हे बोलणं मला पटत नाही.

धुराचंही सांगून ठेवतो, कारण यात आवाज होत नाही, माणूस झोपेतच जातो. मागून उघड्या आणि वरून झाकलेल्या गाडीत चालताना सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो. म्हणून चालत्या गाडीत केबिनमध्ये कोणीही बसायचं नाही. उभ्या गाडीतही मोबाइल चार्जिंगसाठी इंजिन सुरू ठेवून झोपायचं नाही. आणि थंडीत जाळीवर ताडपत्री बांधून आत शेगडी, हे तर अजिबात नाही. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही. दोन घोंगड्या जास्त न्या. ताडपत्री तीन बाजूंनी बांधा, एक बाजू वितभर उघडी ठेवा. दाराची कडी आतून लागली पाहिजे आणि आतूनच उघडली पाहिजे. बाहेरून कुलूप लावायची सोय ठेवायची असेल तर चावी आत झोपणाऱ्याच्या गळ्यात.

आता खरा राग कशाचा आहे ते बोलतो. रोवणीला, कापणीला, तेंदूच्या फळीवर, आणि माघ-फाल्गुनात तेलंगणात मिरची तोडायला आपल्या गावच्या बाया याच पिकअपमध्ये जातात. जागा व्हावी म्हणून फाळका उघडा सोडतात नाही तर काढूनच ठेवतात, आणि मागच्या ओळीतल्या बाया पाय बाहेर सोडून बसतात. हे सगळ्यांना दिसते, कोणी बोलत नाही, कारण दुसरी गाडी नाही आणि रोजी बुडते. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा माणूस सोडला तर अशा प्रवाशांसाठी काही नसते. अपघात झाला तर त्या बाईच्या घरी काही पोचत नाही आणि गाडीवाला भाऊ आयुष्यभर कोर्टात फिरतो. मी माझ्या गाडीत मजूर नेत नाही, त्यासाठी ऑटोचे पैसे देतो. महाग पडते, हो, पडते. पण सगळ्यांना ते परवडणार नाही हेही मला दिसते. म्हणून निदान एवढं मागतो: केबिनसाठी काढलेला फाळका हा बाया बसवायचं निमित्त होऊ देऊ नका. जो भाऊ केबिन बसवतो, त्यानं केबिन आहे तोवर गाडी जागलीलाच वापरावी.

आणि कृषी विभागातल्या मंडळींना एक प्रश्न. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यानं गाडीत झोपावं यासाठी नियम झाले, गाडी कशी असावी, कुठं उभी करावी, सगळं. त्याच ताडोब्याच्या बाहेरच्या धुऱ्यावर शेतकरी गाडीत झोपतो, पाहुणा बघायला येतो त्याच वाघाच्या भीतीनं, तर त्याच्यासाठी एक साधं रेखाचित्रसुद्धा नाही. पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते आले तर गावातल्या पोरांना काम मिळते. पण महाडीबीटीवर रोटाव्हेटर निघते, मळणी यंत्र निघते, तसा जागलीच्या सुट्या केबिनचा एक नमुना का निघू नये? सिंदेवाहीला विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, गडचिरोलीत सोनापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. वजन किती, जाळी किती जाडीची, पट्टे कुठं बांधायचे, दार कोणत्या बाजूला, हे त्यांनी एकदा तपासून कागदावर द्यावं. परिवहन विभागानं त्यावर सांगावं की एवढ्या मापात असेल तर हा माल धरला जाईल. मग फॅब्रिकेशनवाला अँगल काढणार नाही आणि चौकीवरचा शिपाईही अडवणार नाही. आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीतल्या तीन वेगळ्या लोंब्या ओळखून एचएमटी धान दिला. वावरात काय चाललंय ते आधी वावरातच दिसते, साहेबांनी फक्त येऊन बघायला पाहिजे. रात्री या, म्हणजे बरोबर दिसेल.

काही जण म्हणतील, सौर कुंपण आहे ना, मग गाडी कशाला. आहे, आणि मी त्याच्या बाजूचाच आहे. पण माझं वावर तीन तुकड्यांत आहे, मधे दुसऱ्यांच्या बांध्या आहेत आणि एक बाजू मामा तलावाच्या पाळीला लागून आहे. अशा तुकड्यांना कुंपण घालायचं तर चार-पाच जणांनी एकत्र यावं लागते. ते जमेपर्यंत जागल आहे. पुंजणे वावरात उभे असेपर्यंत तर आहेच, आणि पुढं लाखोळी-हरभऱ्याला चितळं येतात तो भाग वेगळा.

केबिन करायची असेल त्यांच्यासाठी शेवटचं. वरची मापं माझ्या सपाट हौद्याची आहेत. नवीन पद्धतीच्या गाडीत चाकांवरच्या कमानी हौद्यात आलेल्या असतात, तर आधी दोन कमानींच्या मधलं अंतर मोजा आणि केबिनचा तळ तेवढाच रुंद करा. फाळक्याच्या कब्ज्यांमधलं अंतरही त्याच वेळी मोजून घ्या, म्हणजे आडवा पाइप एकाच फेरीत बनेल. पाइपाला भोक पाडताना पिन सोबत घेऊन जा. वर्कशॉपवाला अंदाजानं १२ चं भोक पाडतो, आणि पिन निघते १४ ची.